तीस खळग्यांचा ट्रे

मी अंड्यांचा ट्रे बोलतोय. हो, तोच राखाडी पुठ्ठ्याचा, अंडी संपली की तुम्ही फेकून देता तो. जुन्या वह्यांच्या रद्दीचा लगदा करून मला घडवलं. त्या वह्यांत चुकलेली गणितंही असणार. म्हणूनच की काय, गणितात अडलेल्या पोरांची मला भारी माया.

नशिबानं मी शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी आलो. अंडी संपल्यावर तिनं माझ्यात बटणं मांडली. एका खळग्यात एक बटण, पाच खळग्यांची एक ओळ म्हणजे एक शर्ट. अशा माझ्या सहा ओळी.

तिची थोरली मुलगी तिसरीत. पाढे तोंडपाठ, पण मधलंच काही विचारलं की स्वारी पुन्हा 'पाच एके पाच'पासून सुरू! भागाकार म्हटला की पोटात दुखायचं. शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, सोमवारी जमलं नाही तर गणिताच्या तासाला दुसरीत बसायचं. आणि दुसरीत तिची धाकटी बहीण होती.

रविवारी ती रडकुंडीला आली. तेवीस भागिले पाच, आणि हिचं उत्तर पाच.

"पाच कसे गं?" आईनं मशीन थांबवलं.

"चार वाटे झाले. तीन उरले, त्यांचाही एक वाटा केला. ते तसेच कसे ठेवायचे?"

"मला काही तुमचं गणित येत नाही बाई. पण तेवीस बटणांत माझे चारच शर्ट होतात. तीन बटणांचा शर्ट घालून कोण हिंडणार? उरलेली डबीत!"

पोरीनं मला पुढ्यात ओढलं, तेवीस बटणं मोजून मांडली. चार ओळी भरल्या, तीन बटणं मुठीत राहिली.

"आई, हाच भागाकार! तू तर रोज करतेस!"

"मी?" आईचे डोळे भरून आले. लहानपणी तिला सगळे ढ म्हणायचे.

सोमवारी पोरीनं वहीच्या कडेला माझ्या ओळी काढल्या आणि गणितं सोडवली. ती तिसरीतच राहिली.

आता माझा पुठ्ठा मऊ पडलाय. काल कोपऱ्यातला एक खळगा तुटला. "फेकायचा का गं ताई?" धाकटीनं विचारलं.

"का म्हणून? एकोणतीस खळगे आहेत की. पाच शर्ट, वर चार बटणं," थोरली काजं करता करता म्हणाली.

मान वर केली नाही, बोटं मोजली नाहीत, 'पाच एके पाच'ही म्हणाली नाही. चार दिवस अंडी सांभाळायला जन्मलेला मी, या घरानं मला केवढं काम दिलं! मी भरून पावलो.