तीन मिनिटं आधी वाजणारा टोमॅटो

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. जुना म्हणजे फार नाही हं, आठच वर्षांचा, पण स्प्रिंगवर चालणाऱ्यांमध्ये आठ म्हणजे झालंच की वय! दिसायला मी टोमॅटो आहे. लालभडक, गोल, डोक्यावर हिरवं देठ. देठ धरून फिरवायचं, हवी तेवढी मिनिटं लावायची, की मी टिकटिक करत मागे येतो आणि शून्यावर पोचलो की ट्रिंगऽऽ! लाल असण्याचा एक फायदा आधीच सांगून टाकतो: मी लाजलो तरी कोणाला कळत नाही. हा फायदा मी दोन वर्षं वापरला. तेच सांगायचंय, आणि सांगताना तोंड कुठे लपवू असं होतंय, पण सांगतो.

कारखान्यात एक बाई आमच्या प्रत्येकाला घड्याळ लावून तपासायच्या. माझ्या वेळी त्या म्हणाल्या, "वीसला बरोब्बर वीस. जा बाबा, नाव काढ." मला वाटलं, आता कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार, वाफ, फोडणी, मज्जा! पण दुकानात एका काकूंनी मला उचललं आणि त्या निघाल्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातल्या ऑफिसच्या काकू.

"अहो काकू, तत्त्वज्ञान विभागात टोमॅटो?" विभागप्रमुख सर म्हणाले.

"स्टॉपवॉचचा अर्ज वर्षभर फिरतोय सर. हा वाजतो ना? मग झालं."

झालं! मी सरांच्या टेबलावर. आता तिथली पद्धत ऐका. दर शुक्रवारी दुपारी तीनला पीएचडी करणाऱ्यांपैकी कोणीतरी आपला निबंध मांडायचं. पूर्वी म्हणे एक पाहुणे "थोडक्यात सांगतो" म्हणाले आणि अडीच तास सांगत बसले. तेव्हापासून सरांनी नियमच केला: वीस मिनिटं. टायमर वाजला की थांबायचं. वाक्य अर्धं असलं तरी, क्रियापद राहिलं असलं तरी! नंतर प्रश्न, आणि प्रश्नोत्तरांत नवा मुद्दा आणायचा नाही. मी पाच वर्षं चोख वाजलो. खरंच, कारखान्यातल्या बाईंची शपथ.

आणि मग तो शुक्रवार आला. वाद होता, समोरचं टेबल खरंच आहे हे कशावरून. एक प्राध्यापक इतके तापले की "हे बघा, कशावरून ते!" म्हणत त्यांनी टेबलावर मूठच आपटली. टेबल होतं. मी उडालो आणि फरशीवर दाणकन आदळलो. फरशीपण होती. सगळे हसले, सरांनी मला उचललं, बाहीला पुसलं आणि जागेवर ठेवलं.

मला मात्र लगेच कळलं. माझी टिकटिक घाईघाईने व्हायला लागली होती. वीस लावले की मी सतरातच वाजायचो.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? अहो, बोलणाऱ्याला नेहमी वाटतं की आपणच लांबवलं. ऐकणाऱ्यांना वाटतं, सुटलो! आणि सर मनगटाकडे बघायचेच नाहीत, माझ्याकडे बघायचे. बाहेरचे लोक म्हणायचे, "तुमचा विभाग वेळेचा अगदी पक्का!" मग सर माझ्या देठावर टिचकी मारायचे, "आमचा टोमॅटो!" मी ती शाबासकी घ्यायचो, मित्रांनो. मुकाट घ्यायचो.

एक चष्मेवाला दादा होता. त्याला मी तीनदा कापलं. तिसऱ्या वेळी त्याने शेवटचं पान चार घड्या घालून खिशात कोंबलं. "मला थोडक्यात बोलताच येत नाही," असं म्हणाला आणि महिन्याभरात पीएचडी सोडून गेला. मी तिथेच होतो. लाल.

मग आली ताई. तिला सगळे ज्युनियर ताईच म्हणायचे, म्हणून मीही. तिचा विषय होता: आपल्याला कोणी पाहिलंच नाही, तरी लाज वाटते का? आता या लोकांची एक रीत आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो इतका जोरकस मांडायचा की समोरचा म्हणेल, मलाही इतकं छान जमलं नसतं. मगच आपलं उत्तर. ताईने पूर्वपक्षाला सोळा मिनिटं दिली होती आणि स्वतःला चार. लाज म्हणजे दुसऱ्याची नजर, असं पूर्वपक्ष म्हणत होता. नजर नाही तर लाजही नाही. ताईने तो असा मांडला की मलासुद्धा बरं वाटायला लागलं! मग ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता माझं म्हणणं. या सगळ्यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे..."

ट्रिंगऽऽ.

पहिलाच प्रश्न आला, "म्हणजे तुमच्या मते खोलीत एकटा असलेला माणूस निर्लज्ज असतो?" हशा.

"नाही, ते माझं मत नाही..."

"मग तुमचं कुठे आहे? मांडलंच नाहीत."

तिची दोन वर्षांची मेहनत होती हो! समितीने सांगितलं, पुढच्या महिन्यात पुन्हा मांडा, तेव्हाही जमलं नाही तर विषय बदला. तिच्या गाइड मॅडम दारातच म्हणाल्या, "अगं, पूर्वपक्ष हलका कर. तीन मुद्दे कशाला? एक ठेव."

"मॅडम, मग लहान पोराला कुस्तीत पाडून जिंकले म्हटल्यासारखं होईल."

"विषय जाण्यापेक्षा बरं."

ताईने कागद पिशवीत भरले. चार दिवसांनी काकूंकडून मला मागून घेऊन रिकाम्या वर्गात सरावाला आली. ऐकायला तिचा मित्र होता. तो प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं पणवाला. ताईने पुन्हा पूर्ण निबंध वाचला, काहीच न कापता. मी मध्येच वाजलो.

"बघ, होत नाही रे माझ्याच्याने," ताई मटकन बसली. "दहा वेळा केलंय. घरी बसतं, इथे बसत नाही. कापते तो पूर्वपक्ष."

"पण माझ्या घड्याळात सतराच झाले."

"गप रे. आधीच डोकं फिरलंय."

"पण खरंच सतरा! पुन्हा लाव त्याला."

त्यांनी मला पुन्हा वीसवर लावलं आणि दोघं गप्प बसून माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात मला इतकं टक लावून कोणी पाहिलं नव्हतं. वाटत होतं, आज तरी नीट चाल, मेल्या! नाही जमलं. सतराव्या मिनिटाला वाजलो. इतकं केविलवाणं मी कधी वाजलो नसेन.

ताई आधी खूप हसली. मग एकदम थांबली. "अरे, म्हणजे चष्मेवालासुद्धा..." पणवाल्याने 'पण' न म्हणता मला उचललं आणि दोघं थेट सरांकडे गेले.

सरांनी स्वतः मला लावून पाहिलं. मी वाजल्यावरही मनगटावर वीस होईपर्यंत खुर्चीत हलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षं. एकदाही मनगटाकडे बघितलं नाही मी." त्यांनी तिथूनच चष्मेवाल्याला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "सर, मला वाटत होतं माझ्यातच खोट आहे."

"ते शेवटचं पान आहे का तुझ्याकडे?"

"नाही सर. टाकून दिलं."

पुढच्या शुक्रवारी सर सगळ्यांसमोर उभे राहिले. "मागच्या शुक्रवारी हिला मी सतराव्या मिनिटाला थांबवलं. नियम माझा, टायमर माझा, चूक माझी. पूर्वपक्ष तुम्ही ऐकलाय. तिची तीन मिनिटं ऐका." आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या शेजारी ठेवलं.

ताई म्हणाली, "समजा एकाकडून चूक झाली. कोणाला कळली नाही, कळणारही नाही. पकडलं जायची भीती नाही. उलट लोक पाठ थोपटतात. आणि पाठीवर थाप पडली की त्याला आत मेल्याहून मेल्यासारखं होतं. याला लाज नाही तर काय म्हणायचं? बघणारं कोणी नाही कसं? तो स्वतः बघतोय ना!"

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, मी! मी तो! पण मला चावीच दिलेली नव्हती.

"असा कोणी खरंच असतो का?" सरांनी विचारलं.

"असतो सर," ताई म्हणाली.

सरांनी मान खाली घातली आणि विषय मंजूर झाला. पूर्वपक्षाचे तिन्ही मुद्दे शाबूत होते.

आता मी ताईच्या टेबलावर असतो. पोटावर चिठ्ठी आहे: 'वीस म्हणजे सतरा'. ती वाचून लोक हसतात, आणि खरं सांगू, शाबासकीपेक्षा ते हसू बरं वाटतं. पण चष्मेवाल्याचं पान मला परत आणता येत नाही.

म्हणून एकच मागतो. कोणाला 'तुझी वेळ संपली' म्हणण्याआधी एकदा आपलं घड्याळ तपासा. आणि माझ्यासारखं कोणी टेबलावरून पडलं तर नुसतं बाहीला पुसून जागेवर ठेवू नका हो. एकदा शेजारी बसून मोजून बघा. आम्ही आपणहून सांगत नाही.