साखरेच्या पाण्याची बाटली

डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. घाई नावाची चीज या ड्रायव्हरच्या अंगात नव्हती. म्हातारी माणसं मुद्दाम त्यांचीच बस धरत आणि तरुण मंडळी नाक मुरडत चढत. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या या माणसाच्या यकृतावर चरबी चढली, सूज आली, आणि डॉक्टरांनी चक्क मधुमेहाची गोळी लिहून दिली. मधुमेह तर नव्हताच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणून डेपोत चार दिवस हसाहशी झाली. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं होतं: ही गोळी यकृत जपण्यासाठी आहे, तिनं एकटीनं साखर धोक्याइतकी उतरत नाही, आणि गोड मात्र पूर्ण बंद.

सावकाशरावांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बायकोच्या कानात शिरली ती एवढीच, साखरेची गोळी. तिचे वडील मधुमेहाचे. इंजेक्शन घेतलं, जेवतो थोड्या वेळानं म्हणून खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. साखर उतरली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. त्यात यांच्या हातात स्टिअरिंग, पाठीमागे बसभर माणसं. तिनं नवऱ्याच्या पिशवीत साखरेच्या दाट पाण्याची बाटली द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी ते आले की आधी बाटली उलटी करून बघायची, मग पाणी विचारायची. बाटली रिकामी असायची.

असं दोन वर्षं चाललं. आज डॉक्टरांनी दोघांसमोर तपासणीचे कागद बाजूला ठेवले आणि चष्मा काढला. यकृत आतून कडक झालं होतं. इथून मागे फिरायचा रस्ता नाही, असं ते सरळच म्हणाले. गोळी बंद. आता त्रास होईल तसतसे उपचार करायचे. त्यांना नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं, की याच गोळीनं इतरांना गुण आला होता. सावकाशरावांचं वजन वाढलं होतं, ते मात्र त्यांनी गोळीच्याच माथी मारलं; तिनं वजन वाढतंच, म्हणाले.

"गोड काही पोटात जातं का?" त्यांनी विचारलं. "यकृताला ते विषासारखंच."

बाटलीचं सांगायला तिनं तोंड उघडलं. नवऱ्याचा हात तिच्या हातावर येऊन पडला.

"नाही," सावकाशराव म्हणाले. "चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. 

बाहेर स्टॉपच्या बाकावर दोघं बसली. समोरून दोन बस गेल्या, एकीच्या ड्रायव्हरनं ओळखीचा हॉर्न दिला, सावकाशरावांनी हात केला. तिला रडू येत नव्हतं; राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग ओतून द्यायचं होतं कुठेतरी. मला काय कळणार होतं?"

डॉक्टरांपुढे इतकं सफाईनं खोटं बोललेला हा माणूस बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

"पहिल्या दिवशी बाटली भरलेली परत आणली होती मी," ते म्हणाले. "तू जेवली नाहीस. पहाटेपर्यंत माझ्या नाकापुढे हात धरून बसलीस, श्वास चालू आहे का बघत. मी जागाच होतो. दुसऱ्या दिवशी प्यायलो, तर तुला झोप लागली. छान गाढ." ते किंचित हसले. "वाटलं, गोळी घेतोय ना, घेईल सांभाळून."

घराकडे जाणारी बस आली. म्हातारी माणसं सावकाश चढली. ती उठली नाही.

"मला जागंच राहू द्यायचं होतंत," ती म्हणाली. "जागंच राहू द्यायचं होतंत हो."