भुऱ्याचा घास

बोईसरात कावळेसुद्धा कारखान्यांच्या भंगारातल्या तारा आणून घरटी बांधतात. विजेच्या खांबावरच्या अशाच एका घरट्यापायी सारखे दिवे जायचे, म्हणून लाइनमनने ते पाडलं. त्यातलं एकच पिल्लू वाचलं आणि उषाने ते पदरात घेऊन घरी आणलं. परभणीकडचा तिचा नवरा, नागोराव, कारखान्यातली पाळी संपवून आला तर स्वयंपाकघरात टोपलीत कावळा! "लोक पोपट पाळतात गं," एवढंच म्हणून तो बिचारा आंघोळीला गेला.

मान करडी म्हणून उषाने त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. उकडलेलं अंडं, भिजवलेली पोळी, सोललेली कोळंबी, सगळं ती बोटाने त्याच्या घशात घालायची. भुऱ्याने पंख थरथरवत आ वासला की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. तो उडायला लागला तरी भूक लागली की खिडकीत हजर. पुढे तर तो कोणाच्याही पुढ्यात जाऊन आ वासू लागला. शेजारच्या एका बाईने झाडू हाणला, त्यातून तो थोडक्यात वाचला.

"ताई, याला मानसाचं भ्याव नाय उरलं," दारावर येणारी दांडी गावची मासळीवाली विजया म्हणाली. "असा कावला जगत नाय. आता हातानं भरवू नको. आपलं आपण खाऊ दे."

उषाने मन घट्ट केलं. खाणं वाटीत ठेवून ती बाजूला व्हायची. भुऱ्या वाटीकडे ढुंकूनही बघेना. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला आणि इकडे उषाच्याही घशाखाली घास उतरेना.

त्यातच पितृपक्षात सासूबाईंची तिथी आली. नागोरावाने गच्चीवर पान ठेवून कावळ्यांना हाका मारल्या. आला तो भुऱ्याच, कालपासूनचा उपाशी! पण पानाला चोच न लावता तो उषासमोर उभा राहिला आणि त्याने आ वासला.

नागोरावाने हात जोडले. त्याच्या आईचे दोन्ही हात लुळे पडले होते. शेवटची काही वर्षं तिला उषाच भरवायची. दुसऱ्या कोणाच्या हातचं ती घ्यायचीच नाही.

"उषा, आईच हाय गं ही," तो म्हणाला. "भरव तिला."

"अहो, भुऱ्या आहे तो. आज भरवलं तर पुन्हा कधी शिकायचा नाही."

"आईला उपाशी ठेवणार तू?"

हे उषाला फार लागलं. तिने खीरभाताचा घास उचललाही. भुऱ्या उड्या मारत पुढे आला. पण तिने घास परत पानावर ठेवला आणि ती मागे सरली. तिचे डोळे भरून आले होते. नागोराव तोंड फिरवून उभा राहिला.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरचे कावळे पानावर तुटून पडले. भात उधळला, वडे पळाले. भुऱ्या एकेका कावळ्यापुढे जाऊन आ वासत होता, पण त्याला कोणी भीक घालेना. पानात शेवटचा वडा उरला. त्यावर दुसऱ्या कावळ्याने झडप घालायच्या आत भुऱ्याने तो चोचीत धरला आणि टाकीवर नेला. तिथे पायाखाली दाबून तो तोडून तोडून खाऊ लागला.

उषाने नवऱ्याचा दंड धरून त्याला वळवलं.

"बघा तरी," ती म्हणाली. "आज आई आपल्या हातानं जेवतायत."