लाल ट्रायम्फचा क्लच

डॅडच्या जुन्या, दोन सीटच्या लाल ट्रायम्फ मोटारीचा क्लच जळाला, तेव्हा मला हायसंच वाटलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा डावा पाय पेडलवर थरथरायचा आणि माझी चिमुरडी मॅबेल शेजारच्या सीटसाठी हट्ट धरायची. 'आता चालवू नकोस' हे सांगायचा मला धीर होत नव्हता.

रविवारी जुन्या धावपट्टीवर सुट्या भागांचा बाजार भरला होता. मॅबेलला कडेवर घेऊन मी डॅडच्या मागोमाग गेले. डॅडच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सिरिलने आपल्या विक्रीच्या टेबलावर दोन क्लच मांडले.

"हा तुझ्या गाडीच्या सालातला. अस्सल, पण दाबायला जड. हा नंतरच्या मॉडेलचा, हलका. पण त्यासाठी इंजिनाचं फ्लायव्हीलही बदलावं लागेल."

"हलका दे."

सिरिल हसला. "तू, डर्मट? नंतरचं सामान लावणाऱ्यांना क्लबात सगळ्यांत जास्त टोमणे तूच मारतोस!"

"आता मला मारा."

म्हणजे हा गाडी चालवणं सोडणार नाही. मी मॅबेलला घट्ट धरलं. "डॅड, तुझा पाय..."

"माझ्या पायाचं मला ठाऊक आहे, पोरी. हा तुझ्या पायासाठी घेतोय. मी शेजारी बसेन."

"सीट दोनच आहेत. मॅबेल?"

"आमचं आम्ही भांडून ठरवू."

आजवर गाडीचं सामान त्याने कुणाला उचलू दिलं नव्हतं. मॅबेलला खाली उतरवून मी ते जड खोकं उचललं, तेव्हा त्याने बाजूला सरून मला वाट दिली. मॅबेलने त्याचं बोट धरलं आणि ती त्याच्या संथ चालीने चालू लागली.