काकांच्या दगडाखाली

सबीनाने ओल्या फडक्याने संगमरवर पुसला, मेणबत्ती लावली आणि पिशवीतून तपकिरीची डबी काढून दगडावर ठेवली.

फोटो काढता काढता जागृती थांबली. चार वर्षं ही मुलगी कादंबरीकार ज्युलियस मिनेझिस यांचं चरित्र लिहीत होती. ते शाई कुठून आणायचे, त्यांना कुठल्या दाताने छळलं, सगळं तिला तोंडपाठ. डोंबिवलीहून ठाण्याच्या या दफनभूमीत ती आली होती फक्त शेवटच्या पानासाठी. पुढच्या महिन्यात साहित्य मंडळ त्यांच्या या कबरीवर स्मारक बांधणार होतं आणि त्याच समारंभात पुस्तक निघणार होतं.

“आंटी, त्यांना तर तपकिरीचा तिटकारा होता ना? एका प्रकाशकाला त्यासाठी घराबाहेर बसवलेलं त्यांनी.”

“होता ना.” सबीना त्यांची पुतणसून, सत्तरी ओलांडलेली.

“मग ही डबी?”

“तुला गं काय करायचंय? फोटो काढ आणि जा. ऊन चढतंय.”

जागृती कसली जाते! तिने शेजारीच बैठक मारली. पोरगी महा चिकट होती.

सबीना बराच वेळ पुसलेलाच दगड पुसत राहिली. मग तिने विचारलं, “स्मारक बांधलं की कबर परत उघडता येते?”

“नाही. वर काँक्रीटचा चौथरा येणार.”

फडकं तिच्या हातातच राहिलं.

“खाली काका नाहीत, बाय. माझा नवरा आहे, लॅन्सी.”

जागृतीने दगडावर कोरलेलं ज्युलियस मिनेझिस हे नाव पुन्हा वाचलं.

“घराण्याची कबर एकच. नवं माणूस आलं की जुन्याची हाडं काढून कोपऱ्यातल्या हाडांच्या कोरड्या विहिरीत ठेवायची, आमची रीतच ती. जिवंतांना जागा नाही ठाण्यात, मेलेल्यांना कुठली? काका तर सांगूनच गेलेले, मला विहिरीत टाका, तिथे गप्पांना माणसं असतात. चार वर्षांपूर्वी लॅन्सी गेला, तेव्हा काढलं त्यांना. आता माझी पाळी आली की लॅन्सीची हाडं फडक्यात बांधून माझ्या पायाशी ठेवणार. तसं ठरलंय आमचं.”

“मग मंडळाला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? एवढ्या मोठ्या माणसाला बाहेर काढून बस कंडक्टरला झोपवलं? तोंडात शेण घालतील लोक.” तिचे डोळे भरून आले. “म्हणून तर दगडावर त्याचं नावसुद्धा घातलं नाही मी. नवऱ्याची लाज वाटली मला.”

जागृतीला समारंभ दिसत होता, तो हातचा जातानाही दिसत होता. चडफडत तिने कबरीचे फोटो एकेक करून पुसले.

“विहीर कुठाय?”

पेरूच्या झाडाखाली सिमेंटचं झाकण होतं. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. जागृतीने वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “‘स्वतःच्या इच्छेप्रमाणे ते दफनभूमीतल्या विहिरीत, गावच्या माणसांसोबत आहेत.’ मंडळाला काय बांधायचं ते इथे बांधू दे. बरोबर, आंटी?”

“बरोबर.”

“कबरीचं काही लिहीत नाही मी. ते तुमच्या घरातलं.”

ती वही मिटायला लागली तशी सबीनाने पानावर हात ठेवला.

“लिही. कबरीत लॅन्सी मिनेझिस, बस कंडक्टर. तपकीर ओढायचा, तेही लिही.”