काल सकाळी

तापातून उठून चैत्राली प्रयोगशाळेत आली आणि तिने टेबलाचा खण उघडला. चंदेरी मुलाम्याचा सेन्सर खणातच होता. म्हणजे बलूनच्या पेटीत तिने चाचणीचा काळा सेन्सर बसवून दिला होता. अंगात ताप असताना कामाचा उत्साह दाखवू नये, तो या बाईंनी दाखवला होता.

जमिनीजवळ दोन्ही सेन्सर सारखेच. पण तीस किलोमीटरवर हवा इतकी विरळ, की काळा सेन्सर उन्हाने स्वतःच तापतो आणि हवेचं म्हणून आपलंच तापमान सांगत सुटतो. प्रयोग तर तापमानाच्या चढउतारांचाच होता. खालच्या थरातली लाट वरच्या थराला कशी हलवते ते पाहायचं होतं. खालचं तापमान बलून मोजणार, त्याच्याही वरचं उपग्रह. तिची पीएच.डी. या एका बलूनला टांगलेली होती आणि दुसरा मिळणार नव्हता.

बलून शहराबाहेरच्या मैदानावरून, वारा पडेल त्या दिवशी सुटणार होता. चंदेरी सेन्सर पर्समध्ये टाकून ती सियालदह स्टेशनला धावली. तिकिटाच्या रांगेत असतानाच ऋषभचा मेसेज आला. ऋषभ तिच्याच गटातला, तीन पिढ्या कोलकात्यात मुरलेल्या मराठी घरातला. तिच्याशी हौसेने मराठीत लिहायचा.

‘बलून काल सकाळी. हवा छान, सर खूश.’

सुटलासुद्धा! रांगेतून बाहेर पडून ती आली तशी परत फिरली.

दिवसभर तिने तिचे गाइड उदय सर यांचा नंबर पुन्हा पुन्हा काढला आणि फोन ठेवून दिला. सर कधी आवाज चढवत नसत. मागे एका मुलाला त्यांनी भर बैठकीत अगदी शांतपणे गटातून काढलं होतं, ते तिने पाहिलं होतं. आईचा फोन आला तरी ती दचकली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. नाशिकला बाबांनी शेजारीपाजारी मुलगी डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलं होतं, तेही तिला नेमकं आताच आठवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषभचा फोन आला. मागे माणसांचा गलका चालला होता.

“चैत्राली, सुटला गं आत्ताच! काय सुंदर चढतोय!”

“परवा नाही का सुटला?” तिने विचारलं. “तू ‘काल’ असं लिहिलं होतंस.”

“हो, काल. म्हणजे आज.” तो हसला. “आमच्या घरी उद्यालाही कालच म्हणतात. बंगालीसारखं.”

तेवढ्यात सरांनी फोन घेतला. ते कधी नव्हे इतके खुशीत होते. आकडे उत्तम येताहेत, तुझी मेहनत फळाला आली, म्हणाले. चैत्रालीने सगळं सांगून टाकलं: काळा सेन्सर, सियालदहची रांग, मेसेज.

“काल संध्याकाळपर्यंत पेटी उघडीच होती,” सर म्हणाले. “फोन का नाही केलास?”

“तुमची भीती वाटली, सर.”

मागे ऋषभ उंची वाचत होता, दोन किलोमीटर, तीन किलोमीटर, आणि आकडे अजून अगदी बरोबर येत होते.