आवरायचं राहिलं

दवाखान्याच्या व्हरांड्यात सूनबाईने फोन कानाला लावला. पलीकडे खोडकिडा होता, म्हणजे तिच्या प्रत्येक कामात खोड काढणारा कंपनीतला चाचणीवाला. एरवी हसून बोलणारा तो आज हसला नाही.

"पंप चालू होताना सेन्सरची वायर काढून बघितली. मोटर फिरतेच आहे आणि 'बंद'चं बटण ऐकत नाही. तुझा ड्रायव्हर बघ."

बघायची गरजच नव्हती. औषधाचा पंप चालवणारा तो कोड तिनेच लिहिला होता. आधी कुलूप घ्यायचं, म्हणजे दुसरी आज्ञा मध्ये घुसत नाही. मग मोटरला वीज द्यायची. मग सेन्सर वाचायचा. सेन्सर फसला तर उलट पावली परत यायचं: वीज तोडायची, कुलूप सोडायचं. आणि नेमक्या तिथेच कोडमध्ये या बाईसाहेबांनी 'चूक झाली' एवढं कळवून काढता पाय घेतला होता. वीज तशीच चालू, कुलूप तसंच अडकलेलं, 'बंद'ची आज्ञा दाराशी ताटकळत उभी. कुणाला दोष देणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नेमका तसाच पंप आत सासूबाईंच्या हाताला जोडलेला होता, आणि त्याच्या सेन्सरची वायर ढिली आहे म्हणून नर्स सकाळपासून कुरकुरत होती.

ती धावली. नर्स नवी सिरिंज बसवून बटण दाबत होती. "थांबा" म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर बटण दाबून झालं होतं. पंपाच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. नर्सने 'बंद' दाबलं, पुन्हा दाबलं. मोटर घरघरतच राहिली.

"नळीला चिमटा लावा. आधी नळी."

"तुम्ही बाहेर थांबा बघू."

"हा बंद होणार नाही. मीच लिहिलंय ते."

नर्सने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नळी चिमट्यात दाबली. मग पळत जाऊन दुसऱ्या बनावटीचा पंप आणून जोडला. सूनबाई कॉटची दांडी धरून उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सासूबाईंनी डोळे किलकिले केले. स्वयंपाकघरात त्यांचा एकच हेका असे, पदार्थ बिघडला तरी ओटा आवरूनच बाहेर पडायचं.

"काय झालं गं?"

"माझं आवरायचं राहिलं होतं, आई."

"मग आवर की," त्या पुटपुटल्या.

तिने मान वर केली. समोर प्रत्येक कॉटशेजारी तोच निळा पंप होता, आणि टोकाच्या कॉटपाशी दुसरी नर्स सिरिंज बदलत होती.